एक रूळ, दोन प्रश्न : पुणे ते मुरगाव



मागच्या व्याख्यानानंतर एक विद्यार्थी भेटायला थांबला होता. युरोपला निघालेला. मोबाईल पुढे करून म्हणाला, "सर, हा बघा रेल्वेचा पास. एका पासावर तेहतीस देश. सीमा वगैरे आता इतिहासजमा झाल्या, नाही का?" आम्ही त्याला प्रवासाच्या शुभेच्छा दिल्या आणि उत्तर टाळलं. उत्तर लांबलचक होतं. शिवाय ते शोधायला युरोपला जायची गरज नव्हती, पुणे स्टेशनातून गोव्याला जाणाऱ्या गाडीतच ते बसलेलं आहे. आज ते उत्तर देतो.

आधी एक साधा फरक मनात पक्का करूया. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे फरक करण्याची खोड काही जात नाही, तेवढं सांभाळून घ्या. गाडीत बसलेल्या माणसाला दोन प्रश्न विचारले जाऊ शकतात. तिकीट तपासनीस विचारतो, "पैसे भरलेत का?" सीमेवरचा शिपाई विचारतो, "तुम्ही कोण?" पहिल्याला तिकीट किंवा पास दाखवला की विषय संपला. पासाची तर आणखी गंमत आहे. कुठे जाताय, का जाताय, आज कितव्यांदा जाताय, हेही तो कुणाला विचारू देत नाही. महिन्याचे पैसे आगाऊ भरले की महिनाभर तुमच्यावर विश्वास. दुसऱ्या प्रश्नाला मात्र पासाकडे उत्तरच नसतं. तिथे वेगळा कागद लागतो, परवाना म्हणा, पासपोर्ट म्हणा, व्हिसा म्हणा. आणि तो कागद रेल्वे देत नाही, राज्य देतं.

पुणेकरांना पास म्हणजे काय ते सांगायला नको. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली आणि पुढे पुण्यात राहून मुंबईत नोकरी करणाऱ्यांची एक जमातच तयार झाली. जायचे १९२, यायचे १९२ किलोमीटर. ठरलेला डबा, ठरलेली जागा, ठरलेली मंडळी. पासवाल्यांच्या या गाडीने वर्षानुवर्षं ये-जा करणारे एक गृहस्थ होते, दामोदर धर्मानंद कोसंबी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक, राहायला पुण्यात. गणिती म्हणून मोठे, इतिहासकार म्हणून त्याहून मोठे. पुण्याच्या आसपासचे जुने रस्ते, लेणी, गावदेवींची ठाणी त्यांनी पायी फिरून धुंडाळली. त्यातून १९६२ साली 'मिथ अँड रिअॅलिटी' हे पुस्तक आलं.

त्या पुस्तकाचा शेवटचा निबंध पुण्याचा नाही, गोव्याचा आहे. जुन्या काबिजादीतल्या ग्रामसंस्थेवरचा. कारण कोसंबी मूळचे गोव्याचे. जन्म १९०७, गाव कोसबे. त्यांचे वडील धर्मानंद हे मुरगावजवळच्या साखवाळचे. त्यांनी १८९९ च्या अखेरीस ज्ञानाच्या ओढीने घर सोडलं आणि पुणं गाठलं. इथे डॉ. भांडारकरांचा आधार मिळाला, आणि मग काशी, नेपाळ, सिलोन असा तो विलक्षण प्रवास झाला. बाप निघाला तो परक्या राज्याची हद्द ओलांडून. मुलगा पुणे-मुंबई करत होता तेव्हा त्याला कुणी काही विचारत नव्हतं. एकाच घरातल्या दोन पिढ्या आणि दोन तऱ्हेचे प्रवास. आजचं व्याख्यान या दोन प्रवासांच्या मधल्या जागेबद्दल आहे.

आता त्या रुळांकडे वळू. २६ डिसेंबर १८७८ ला लिस्बनमध्ये इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात एक करार झाला. इंग्रजांना पश्चिम किनाऱ्यावर मुरगावचं उत्तम बंदर वापरायला हवं होतं आणि गोव्याचं मीठही ताब्यात हवं होतं. पोर्तुगीजांना हवी होती रेल्वे आणि पैसा. करारात मुख्य गोष्ट अशी होती, की गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातली जकातीची भिंत पाडायची. मिठाचं नियंत्रण इंग्रजांकडे, बदल्यात पोर्तुगीजांना वर्षाला चार लाख रुपये. आणि मुरगावहून सह्याद्री चढून ब्रिटिश हद्दीला भिडणारी मीटरगेज रेल्वे.

करार १८८० मध्ये लागू झाला, मुदत बारा वर्षांची. रेल्वेसाठी लंडनमध्ये कंपनी निघाली. भांडवलावरच्या व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने घेतली, पैसा इंग्रजांचा, आणि घाम अर्थातच इथल्या मजुरांचा. घाटाचं काम अतिशय अवघड. दूधसागरच्या धबधब्यासमोरून गाडी जाते ते आज आपण फोटोत बघतो, पण तिथले बोगदे खणताना काय झालं असेल याची कल्पना करा. गोव्याच्या सपाटीवरचा पहिला टप्पा १८८७ मध्ये सुरू झाला आणि १८८८ च्या सुरुवातीला घाटही पूर्ण झाला. मुरगावपासून हद्दीपर्यंत सुमारे ८२ किलोमीटर. वर कॅसलरॉक, ब्रिटिश मुलखात. खाली कुळें, पोर्तुगीज मुलखात. वर लोंढ्याला ही वाट सदर्न मराठा रेल्वेला मिळाली, आणि लोंढा, बेळगाव, मिरज, सातारा असं करत पुण्याला जोडली गेली.

आता गंमत बघा. रेल्वे बांधली कशासाठी? जकातीची भिंत नाही, तर माल सरळ धावेल, यासाठी. रेल्वे पूर्ण झाली १८८८ ला. आणि १८९२ च्या जानेवारीत कराराची मुदत संपली, तो पुन्हा झालाच नाही. भिंत परत उभी राहिली. म्हणजे ज्या मोकळिकीसाठी रूळ टाकले ती मोकळीक पुऱ्या रुळांना जेमतेम चार वर्षं लाभली. त्यानंतर कॅसलरॉकला गाडी थांबायची, इंग्रजांचे जकातवाले चढायचे. घाट उतरून कुळेंला पुन्हा थांबायची, पोर्तुगीजांचे जकातवाले चढायचे. ट्रंका उघडा, वळकट्या सोडा, आत काय आहे दाखवा.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ही गोव्याची रेल्वे चालवायचं काम सदर्न मराठा रेल्वेकडेच आलं. म्हणजे घाटाच्या वर आणि खाली गाडी चालवणारी कंपनी एकच. पहिला प्रश्न, पैसे भरलेत का, हा विचारणारी सत्ता एक झाली होती. दुसरा प्रश्न विचारणाऱ्या सत्ता दोनच राहिल्या. रूळ जोडले, गेज जुळलं, कंपनी एक झाली, तरी सीमा होती तिथेच राहिली. सीमा रुळांत नव्हतीच ना.

कुणी म्हणेल, सर, त्या काळी तर पावलोपावली संस्थानं होती, मग तिथे काय व्हायचं? प्रश्न रास्त आहे. पुण्याहून मिरजेला जाताना गाडी संस्थानी मुलखातून जायची. पण रेल्वेच्या जमिनीवरचा अधिकार इंग्रजांनी संस्थानिकांकडून बहुतेक ठिकाणी काढून घेतला होता. त्यामुळे रुळांची पट्टी ही एका अर्थाने इंग्रजी राज्याचीच लांब गल्ली होती. निजामाच्या राज्यात मात्र आत जाणाऱ्या मालावर कर होता. मराठवाड्यातल्या वयस्कर श्रोत्यांना 'करोडगिरी' हा शब्द घरात ऐकलेला आठवेल. पण निजाम कितीही मोठा असला तरी वरती सार्वभौम सत्ता इंग्रजांचीच. गोव्याची गोष्ट वेगळी होती, तिथे समोर दुसरं साम्राज्य होतं.

तरीही एक सांगायला हवं. पुढची साठेक वर्षं ही सीमा त्रासदायक असली, तरी माणसांसाठी बंद नव्हती. गोव्याचे खलाशी, आचारी, बँडवाले, शिक्षक, गायक मुंबई-पुण्याकडे येत राहिले. मुंबईत गावोगावच्या गोवेकरांनी आपापल्या 'कूड' काढल्या, म्हणजे गावकीच्या सामायिक खोल्या. फेस्ताला, जत्रेला, लग्नाला माणसं गावी जायची, मनीऑर्डरी जायच्या. मराठी संगीत रंगभूमी आणि ख्यालगायकी यांचा विचार गोव्याशिवाय करताच येणार नाही. मंगेशीचे दीनानाथ, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई. ही सगळी मंडळी राजकीय नकाशाप्रमाणे परदेशातून आलेली होती! आपल्या आजोबांना ती कधी परदेशी वाटली नाहीत, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

मग चित्र पालटलं. १८ जून १९४६ ला डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावला सभा घेतली आणि नागरी स्वातंत्र्याचा प्रश्न पुढे आणला. त्यांना हद्दपार करण्यात आलं. जाताना त्यांनी सांगितलं होतं की मी परत येईन. सप्टेंबरअखेर ते आले, आणि कुळें स्टेशनवर त्यांना पकडण्यात आलं. जिथे ट्रंका उघडायच्या, तिथेच आता माणसं उतरवली जाऊ लागली. "तुम्ही कोण?" हा प्रश्न तोवर जकातीच्या आडून विचारला जात होता, आता तो उघड झाला.

१९४७ ला भारत स्वतंत्र झाला, पोर्तुगीज हलले नाहीत. १९५१ मध्ये सालाझार सरकारने कायदा बदलून गोव्याला वसाहतीऐवजी 'सागरापलीकडचा प्रांत' म्हटलं. १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. त्यानंतर जाण्यायेण्यावरचे निर्बंध दोन्हीकडून आवळत गेले. इथे पुण्याचा संबंध थेट येतो. गोवा विमोचन सहाय्यक समिती पुण्यात स्थापन झाली, केसरीवाड्यात तिचं काम चाललं. काँग्रेसवाले, समाजवादी, जनसंघवाले, कम्युनिस्ट, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका सतरंजीवर बसली. १८ मे १९५५ ला सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे यांची तुकडी गोव्यात शिरली. नानासाहेबांना पुढे दहा वर्षांची शिक्षा झाली, सुटका १९५७ मध्ये.

आणि मग १५ ऑगस्ट १९५५. देशभरातून आलेले हजारो सत्याग्रही ठिकठिकाणी सीमा ओलांडून आत गेले. पत्रादेवीला, तेरेखोलला आणि इतरत्र पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसं मेली. यातली एक वाट रेल्वेची होती. कॅसलरॉकहून एक मोठा जमाव रुळांवरून, बोगद्यातून चालत पलीकडे निघाला आणि त्याच्यावरही गोळीबार झाला. विचार करा, रेल्वेच्या वाटेवर माणसं, पण गाडी नाही, तिकीट नाही, पास नाही, परवाना नाही. "पैसे भरलेत का?" हा प्रश्नच उरला नव्हता. दुसरा प्रश्न तेवढा शिल्लक होता आणि तो बंदुकीने विचारला जात होता.

त्यानंतर भारताने नाकेबंदी केली. रेल्वे तुटली. जे रूळ सदुसष्ट वर्षं वापरात होते, ते कॅसलरॉक आणि कुळेंच्या मध्ये पडून राहिले. मुंबईच्या कुडीतल्या माणसाला आईच्या आजारपणाची बातमी कळली तरी गाडीत बसून जाता येईना. गोव्यात बटाटे हॉलंडहून आणि चहा सिलोनहून येऊ लागला. बेळगावचा भाजीबाजार घाटाच्या माथ्यावर, आणि बटाटे हॉलंडहून! आम्ही नाकेबंदीला दोष देत नाही, त्या परिस्थितीत सरकारपुढे फारसे मार्ग नव्हते. पण तिची किंमत सालाझारपेक्षा साध्या माणसांनी अधिक मोजली, हेही इतिहास सांगताना लपवू नये.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६२ मध्ये बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण आणि दीव भारताच्या संघराज्यात आले. गाड्या पुन्हा सुरू झाल्या. आणि एक गोष्ट इतकी शांतपणे घडली की तिची नोंद कुणी फारशी घेतली नाही. घटनेचं एकोणिसावं कलम, पहिलं उपकलम, त्यातला 'ड' खंड, म्हणजे भारताच्या राज्यक्षेत्रात सर्वत्र मुक्तपणे संचार करण्याचा हक्क, घाट उतरून कुळेंला पोहोचला. आमच्या मते हाच खरा पास. तो स्टेशनच्या खिडकीवर मिळत नाही, पण तो नसेल तर खिडकीवरचा पास उपयोगाचा राहत नाही.

आता त्या विद्यार्थ्याच्या युरोपकडे वळतो, कारण तिथे उलट क्रमाने हेच घडलं. तिथे पास आधी आला, सीमा नंतर विरघळली. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांसाठीचा युरेल पास १९५९ चा. युरोपातल्या तरुणांसाठीचा इंटररेल १९७२ चा, तेव्हा तो एकवीस वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी होता. पास एक, रेल्वे अनेक. पण पासपोर्ट तपासणी चालूच. सीमातपासणी हटवण्याचा शेंगेन करार पाच देशांनी १९८५ मध्ये केला, आणि तपासणी प्रत्यक्षात उठली ती १९९५ मध्ये.

या मधल्या काळात, १९८८ साली, एका परिषदेच्या निमित्ताने आम्ही असा पास घेऊन फिरलो. खिशात डझनाहून अधिक देशांचा पास, आणि व्हिसा मात्र मोजून तीन देशांचे. रात्रीची गाडी होती. डब्यात आमच्याबरोबर दोन तरुण विद्यार्थी, त्यांच्याकडेही पासच. मध्यरात्री एका सीमेवर अधिकारी आला. त्या दोघांचे पासपोर्ट त्याने बाहेरूनच बघितले, उघडलेसुद्धा नाहीत. आमचा उघडला, चाळला, आणि आम्हाला बोळात बोलावलं. कुठून आलात, किती दिवस राहणार, पैसे किती आहेत, परतीचं विमान कधीचं. आम्ही नम्रपणे रेल्वेचा पास पुढे केला. त्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. अर्ध्या तासाने गाडी हलली. पैसे तिघांनी भरले होते, प्रश्न एकालाच विचारला गेला. आम्हाला राग आला होता, नाही असं नाही. पण त्या रात्री कुळें स्टेशनवर ट्रंक उघडून उभ्या असलेल्या माणसाचं काय होत असेल, ते पुस्तकात वाचून कळलं नव्हतं तितकं कळलं.

म्हणून त्या विद्यार्थ्याला आमचं सांगणं असं, की पास सीमा पुसत नाही. सीमा राज्यं ठेवतात आणि राज्यंच पुसतात. १८८० ला पुसली, १८९२ ला परत काढली. युरोपातही २०१५ नंतर काही देशांनी तपासणी पुन्हा सुरू केली. आपल्या उपखंडात अटारीकडे बघा. रूळ आहेत, स्टेशन आहे, १९७६ मध्ये सुरू झालेली समझोता एक्सप्रेस होती, आणि ऑगस्ट २०१९ पासून ती बंद आहे. रूळ टाकून ठेवले म्हणजे मैत्री झाली, असा हिशेब करता येत नाही. पण रूळ असले की निदान परत सुरू करण्यासारखं काहीतरी शिल्लक राहतं, हेही खरं.

आता शेवटची एक गोष्ट सांगून थांबतो. आमच्या पेठेत एक निवृत्त शाळामास्तर राहायचे. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. १९५५ च्या ऑगस्टमध्ये ते कॅसलरॉकच्या बोगद्यात होते, वय एकोणीस. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. पुढे उतारवयात त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता मिळाली आणि तिच्याबरोबर रेल्वेचा मोफत पास आला, सोबत एक माणूस नेण्याची सवलत असलेला. २००५ साली, पन्नास वर्षं झाली म्हणून, त्यांनी आम्हाला विचारलं, "येता का? गोव्याला जाऊन येऊ." आम्ही सोबतीचा माणूस म्हणून गेलो.

गोवा एक्सप्रेस होती. तिकीट तपासनीस आला, पास बघितला, नाव वाचलं, परत दिला आणि पुढे गेला. मिरजेला सगळ्यांनी दिवे मालवले. अण्णा झोपले नाहीत. लोंढा गेलं, कॅसलरॉक आलं. बाहेर पहाटेपूर्वीचा काळोख. गाडी बोगद्यात शिरली तसे ते खिडकीच्या गजाला धरून बसले. एक बोगदा, दुसरा, तिसरा. एका ठिकाणी त्यांची मूठ घट्ट झाली, बोलले काहीच नाहीत. दूधसागरचा नुसता आवाज आला. मग गाडी घाट उतरून कुळेंला थांबली. एक चहावाला ओरडत गेला. दोन-तीन माणसं उतरली, एक बाई बोचकं घेऊन चढली. पाच-दहा मिनिटांनी गाडी सुटली.

तेव्हा अण्णा म्हणाले, "थांबली, आणि सुटली. कुणी काही विचारलंच नाही हो."

आणि झोपले.

कुणी काही विचारलं नाही, ही आपल्याला आज इतकी साधी गोष्ट वाटते, की तिच्यामागे काय होतं ते आठवतही नाही. पुढच्या वेळी गोव्याच्या गाडीत बसाल तेव्हा कुळें येईपर्यंत जागे राहायचा प्रयत्न करा. नाहीच जमलं तर झोपा. तुम्हाला तिथे निवांत झोपता यावं, यासाठीच तर ती माणसं चालत गेली होती.